निषिद्ध नांवाचें घराणें : मॅकग्रेगर

मनुष्याचें घर जाळतां येतें, शेत हिरावून घेतां येतें, त्याला देशोधडीस लावतां येतें; परंतु त्याचें नांव त्याच्यापासून काढून घेतां येतें काय? आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आडनांव ही वस्तु आपण श्वासासारखी गृहीत धरतों. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर, दाराच्या पाटीवर तें असतें, आणि आपल्या मागें मुलांनातवंडांच्या नांवापुढें तें राहणार अशी आपली खात्री असते. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखांत एक कुळ असें आहे कीं, आपलें आडनांव न टाकणें हाच एके काळीं त्याच्या देहांत शिक्षेचा अपराध ठरला होता. सन १६०३ पासून सन १७७४ पर्यंतच्या १७१ वर्षांपैकीं सुमारें १३९ वर्षें तें नांव कायद्याच्या दृष्टीनें मृत होतें. आज तेंच नांव युरोप, अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा सर्व खंडांत नांदत आहे. त्या मॅकग्रेगर नांवाची व्युत्पत्ति, त्याचा वनवास आणि त्याचा विस्तार ह्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्युत्पत्ति

प्रथम शब्द पाहूं. गेलिक ही केल्टिक शाखेंतील भाषा. आयर्लंडांत तिचें एक रूप बोललें जातें, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत व बेटांत दुसरें. ह्या भाषेंत ‘मॅक’ म्हणजे पुत्र. आयर्लंडांतील अतिप्राचीन स्मृतिशिळांच्या कडांवर लहानमोठ्या रेघा ओढून लिहिलेली ओगम नांवाची लिपि आढळते. तींतहि हा शब्द षष्ठीच्या रूपांत, म्हणजे ‘अमक्याच्या पुत्राचा’ ह्या अर्थानें, वारंवार येतो. आयरिश नांवांच्या आरंभीं जो ‘ओ’ दिसतो, ओनील, ओब्रायन इत्यादि, त्याचा मूळ अर्थ नातू आणि पुढें वंशज असा झाला. पाणिनीनें पौत्रापासून पुढच्या अपत्याला ‘गोत्र’ ही पारिभाषिक संज्ञा दिली आहे, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्या ‘ओ’चें मर्म तत्काळ कळेल. पुत्रापुरतें नांव निराळें आणि नातवापासून पुढें चालणारें नांव निराळें, हा भेद पृथ्वीच्या दोन टोकांच्या लोकांनीं स्वतंत्रपणें केला.

कन्येसाठीं ‘मॅक’ चालत नाहीं. मुलाचें नांव मॅकग्रेगर, तर मुलीचें गेलिकमध्यें निकग्रेगर. जनकाची जानकी, द्रुपदाची द्रौपदी, तसाच हा प्रकार. आणि लग्न झाल्यावरहि स्त्रीनें पित्याच्या कुळाचें नांव कायम ठेवावें अशी त्या मुलुखाची जुनी चाल होती. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

‘क्लॅन’ हा कुळवाचक शब्द इंग्रजींतून आपल्या परिचयाचा आहे. तोहि गेलिकच, अर्थ ‘मुलेंबाळें’. परंतु तो मूळचा लॅटिन ‘प्लांटा’, म्हणजे रोप किंवा कोंब. प्राचीन आयरिश भाषेंत ‘प’ हा वर्णच नव्हता, म्हणून परक्या शब्दांतील ‘प’च्या जागीं ‘क’ बसला. आपल्या ‘वंश’ शब्दाचा एक अर्थ बांबू असा आहे. बेटांतून नवे कोंब फुटत जावे तशी पिढीमागून पिढी वाढते, ही कल्पना दोन्हीं ठिकाणीं सारखीच सुचली ह्याचें कौतुक वाटतें.

आतां ‘ग्रेगर’. हें नांव गेलिक नव्हे. तें ख्रिस्ती धर्माबरोबर आलें. रोमच्या धर्मपीठावर सन ५९० ते ६०४ पर्यंत असलेल्या थोर ग्रेगरीपासून ह्या नांवाचा महिमा वाढला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जागा असलेला, सावध’. आणि तो ज्या ग्रीक धातूपासून निघाला तो आपल्या ‘जागृ’ धातूचा सख्खा भाऊ होय, असें भाषाशास्त्र सांगतें. म्हणजे मॅकग्रेगर ह्याचा अर्थ ‘जागत्याचा पुत्र’. ज्या कुळाला पुढें कित्येक पिढ्या रात्री जागून काढाव्या लागल्या, त्याला हें नांव आधींच पडावें हा योगायोग विलक्षण खरा!

तरवार आणि चर्मपत्र

प्रत्येक कुळाला आपलें मूळ उंच असावें असें वाटतें. मॅकग्रेगर कुळाच्या बोधचिन्हावर आपला वंश राजवंश असल्याची घोषणा आहे. नवव्या शतकांतील राजा केनेथ मॅकआल्पिन ह्याच्या घराण्याशीं ते आपला संबंध जोडतात. इतिहास मात्र इतका मागें जाऊं देत नाहीं. चौदाव्या शतकांत ‘सोन्याच्या लगामांचा ग्रेगर’ म्हणून ओळखला जाणारा एक पुरुष होऊन गेला, आणि त्याचा मुलगा इयन कॅम, म्हणजे एकाक्ष इयन, सन १३९० मध्यें वारला. येथपासून ह्या घराण्याचा पक्का माग लागतो. त्यांची भूमि म्हणजे पश्चिम स्कॉटलंडांतील ग्लेन ऑर्की, ग्लेन स्ट्रे आणि ग्लेन लायन हीं खोरीं. ‘ग्लेन’ म्हणजे डोंगरांमधील अरुंद खोरें. उंच माळ, खालीं ओढा किंवा सरोवर, वर्षाचे कित्येक दिवस पाऊस आणि धुकें. शेती बेताची, खरें धन गुरेंढोरें.

ह्या भूमीवर मॅकग्रेगर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. परंतु ती त्यांची आहे असें सांगणारा कागद त्यांच्यापाशीं नव्हता. तो कागद शेजारच्या प्रबळ कॅम्बेल घराण्याकडे गेला. सन १४३२ मध्यें कॅम्बेलांच्या मुख्यानें ग्लेन ऑर्कीची सनद आपला मुलगा कॉलिन ह्याला करून दिली. ह्या कॉलिननें ऑ सरोवराच्या कांठीं किलचर्नचा किल्ला बांधला. राजदरबारीं ज्याचें वजन, त्याच्या हातीं चर्मपत्र; आणि ज्याच्या हातीं चर्मपत्र, त्याची जमीन. तरवारीच्या बळावर धरलेली जमीन कागदाच्या बळावर जाते, हा अनुभव कांहीं त्यांचा एकट्यांचा नाहीं.

ह्यावरून हे लोक केवळ दांडगेश्वर होते असा कोणी ग्रह करून घेऊं नये. लिझमोरचा डीन ह्या धर्मपदावर असलेला जेम्स मॅकग्रेगर आणि त्याचा भाऊ डंकन ह्यांनीं सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, पर्थशायरमधील फोर्टिंगल गांवीं राहून, गेलिक कवितांचा एक मोठा हस्तलिखित संग्रह तयार केला. स्कॉटलंडांतील जुन्या गेलिक काव्याचें तें आद्य भांडार होय, आणि आज तें एडिनबरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत जपून ठेवलेलें आहे. कॅम्बेल कवींच्या रचनाहि त्यांत आहेत. विद्येच्या दारांत वैर बाहेर ठेवण्याचा समंजसपणा त्या दोघां भावांत होता.

दोन्हीं घराण्यांत सोयरिकीहि होत. ग्रेगर रॉय हा ग्लेन स्ट्रेचा तरुण मुख्य; त्याची पत्नी मॅरियन ही ग्लेन लायनच्या कॅम्बेलाची कन्या. जमिनीवरून वैर पेटलें आणि सन १५७० मध्यें ग्लेन ऑर्कीच्या कॅम्बेलानें ग्रेगर रॉयचा शिरच्छेद करविला. परंपरा अशी कीं, मांडीवरच्या तान्ह्या मुलाला थोपटतांना मॅरियननें जो शोक केला, तोच एक अंगाईगीत होऊन राहिला. तें गीत आजहि गेलिक गायक गातात. येथें मघांची चाल आठवावी. ती जन्मानें कॅम्बेल, नांवानें अखेरपर्यंत कॅम्बेल. आणि मॅकग्रेगर नांवाचा सर्वांत हृदयद्रावक उच्चार मात्र तिच्याच तोंडून झाला.

नांवाला देहांत शिक्षा

जमीन गेल्यावर माणसें काय करणार? कांहीं कुळें होऊन राहिलीं, कांहीं आपल्याच जुन्या गुरचरणींत चोर ठरलीं. सन १५८९ मध्यें राजाच्या राखीव रानाचा अधिकारी जॉन ड्रमंड ह्याचा खून झाला, आणि सर्व कुळानें त्या कृत्याची जबाबदारी शपथेवर आपल्या शिरीं घेतली असा आरोप राजाच्या मंत्रिमंडळापुढें आला. त्यानंतर दि. ७ फेब्रुवारी १६०३ रोजीं लोमंड सरोवराच्या पश्चिमेस ग्लेन फ्रुइन येथें मॅकग्रेगर आणि कल्हून ह्या दोन कुळांची लढाई झाली. कल्हूनांचा पराभव होऊन त्यांचीं शंभराहून अधिक माणसें पडलीं. मॅकग्रेगरांच्या बाजूनें अपराध घडला होता ह्यांत शंका नाहीं. प्रश्न शिक्षेचा आहे.

त्या वेळीं राजा सहावा जेम्स इंग्लंडच्या सिंहासनावर बसण्यासाठीं लंडनला निघण्याच्या गडबडींत होता. दि. २४ मार्चला राणी एलिझाबेथ निवर्तली होती. दि. ५ एप्रिलला राजानें एडिनबरो सोडलें. आणि त्याच्या दोनच दिवस आधीं, दि. ३ एप्रिल १६०३ रोजीं, मॅकग्रेगर हें नांव कायमचें रद्द केल्याचा हुकूम निघाला. ज्यांचें तें नांव असेल त्यांनीं तें टाकून दुसरें घ्यावें. न घेतील त्यांस देहांत शिक्षा. अपराध्याला दंड करणें हें राजाचें कर्तव्य, हें आपलीं धर्मशास्त्रेंहि सांगतात. परंतु येथें अपराधी कोण हें ठरविलें गेलें तें कृत्यावरून नव्हे, आडनांवावरून. लढाईंत असलेला आणि घरीं आजारी पडलेला, तरवार धरणारा आणि पाळण्यांतला, सारे एका शब्दानें एका पंक्तीस बसले.

कुळाचा मुख्य अलास्टर ह्यानें आपणांस इंग्लंडांत पोंचवावें ह्या अटीवर आर्गाइलच्या अर्लाला शरण जाणें पत्करलें. अर्लानें वचन अक्षरशः पाळलें. त्याला इंग्लंडच्या सरहद्दीपलीकडे नेलें आणि तेथूनच माघारीं आणलें! दि. २० जानेवारी १६०४ रोजीं एडिनबरोच्या बाजारचौकांत त्याला आपल्या सोबत्यांसह फांशी दिलें. तत्कालीन एका नागरिकाच्या रोजनिशींत नोंद आहे कीं, तो मुख्य म्हणून त्याला इतरांहून एक पुरुषभर उंच टांगलें होतें. शब्द पाळून अर्थ मोडण्याची ही कला पाहून मन उद्विग्न होतें.

नांव कसें मारतात ह्याची रीतहि पाहण्यासारखी आहे. सन १६१३ मध्यें असा निर्बंध आला कीं, पूर्वीं हें नांव धारण करणाऱ्या चारांहून अधिक जणांनीं एकत्र जमूं नये. आणि शस्त्र म्हणून त्यांच्यापाशीं असावी ती जेवतांना मांस कापण्यापुरती, टोंक नसलेली सुरी. सन १६१७ मध्यें पार्लमेंटनें मूळ हुकूम कायम केला. सन १६३३ मध्यें त्याहून बारीक छिद्रें बुजविलीं. कोणा धर्मोपदेशकानें ह्यांच्या मुलाचें बारसें करतांना ग्रेगर हें नांव ठेवूं नये, आणि कोणा लेखनिकानें त्या नांवानें करारपत्र लिहूं नये. बारशांत नांव नाहीं, दस्तांत नांव नाहीं, सभेंत नांव नाहीं. माणूस जिवंत, पण त्याच्या सहीला किंमत नाहीं. त्यानें दिलेलें कर्ज त्याच्या नांवें वसूल होत नाहीं. फांशीच्या दोरापेक्षां ही लेखणी अधिक दूरवर पोंचणारी होती.

मग लोकांनीं काय केलें? ज्या जमीनदाराच्या आश्रयाला ते राहिले त्याचें नांव त्यांनीं घेतलें. कोणी मरे झाले, कोणी ड्रमंड, कोणी ग्रॅहम, कोणी स्टुअर्ट, कोणी ग्रँट. आणि कित्येक तर चक्क कॅम्बेल झाले! ज्यांनीं जमीन घेतली त्यांचेंच नांव जीव वांचविण्यासाठीं पांघरावें लागलें. कांहींनीं ग्रेगरी, ग्रेग अशीं थोडीं कापलेलीं रूपें धरलीं. परंतु घराच्या आंत, चुलीपाशीं, आजीनें नातवाला आपण खरे कोण हें सांगण्याचें काम कोणत्याहि कायद्याला बंद करतां आलें नाहीं. डोंगरांत लपूनछपून राहणाऱ्या ह्या लोकांना पुढें ‘धुक्याचीं लेंकरें’ असें नांव पडलें. तें नांव वाङ्मयांत रूढ करण्याचें श्रेय सर वॉल्टर स्कॉट ह्यांच्याकडे जातें.

परत मिळालेलें नांव

पहिल्या चार्ल्स राजाच्या यादवी युद्धांत ह्या कुळानें सेनापति मॉन्ट्रोझच्या झेंड्याखालीं राजाच्या बाजूनें तरवार धरली. त्याची जाण ठेवून दुसऱ्या चार्ल्सनें सन १६६१ मध्यें बंदी उठविली. बत्तीस वर्षें झालीं नाहींत तोंच, सन १६९३ मध्यें, तिसऱ्या विल्यमच्या राज्यांत ती पुन्हा बसली. ह्या दुसऱ्या वनवासांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे रॉब रॉय मॅकग्रेगर. त्याचा जन्म सन १६७१ चा. त्यानें आपल्या आईचें कॅम्बेल हें नांव धारण करून गुरांचा मोठा व्यापार केला, आणि त्याच नांवानें तो सह्या करी. मॉन्ट्रोझच्या ड्यूकचें कर्ज अंगावर येऊन सन १७१२ मध्यें तो परागंदा झाला. पुढें कधीं बंडखोर, कधीं लुटारू, कधीं गरिबांचा कैवारी अशा अनेक रूपांनीं लोककथांत शिरला, आणि सन १७३४ च्या अखेरीस आपल्या घरीं अंथरुणावर वारला. बॅल्क्‌हिडर येथें त्याची समाधि आहे. शत्रूंच्या नाकावर टिच्चून आम्ही मॅकग्रेगरच, अशा अर्थाचे इंग्रजी शब्द तेथें कोरलेले आहेत. सन १८१७ च्या अखेरीस स्कॉटची ‘रॉब रॉय’ कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि ज्या नांवाचा उच्चार गुन्हा होता तें इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर आलें.

तत्पूर्वीं सन १७७४ मध्यें पार्लमेंटनें बंदी कायमची रद्द केली होती. तेव्हां एक चमत्कारिक प्रश्न उभा राहिला. कुळ आहे, नांव आहे, परंतु मुख्य कोण? पांच पिढ्या परक्या नांवांनीं वावरलेल्या लोकांतून तो ओळखावा कसा? अखेर ८२६ मॅकग्रेगरांनीं आपल्या सह्यांनिशीं लॅनरिकचा जॉन मरे हा आपला मुख्य असल्याचें जाहीर केलें. मरे हें अर्थातच पांघरलेलें नांव. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील लष्करांत अधिकारी होता. सन १७९५ मध्यें त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. सह्या करण्याचा हक्क ज्यांच्यापासून काढून घेतला होता त्यांनीं सह्या करूनच आपला मुख्य निवडावा, ह्यापेक्षां समर्पक पुनरागमन तें कोणतें?

ह्या जॉनचा मुलगा इव्हन. त्याच्या चरित्रांतील एक प्रसंग आपल्या खानदेशांत घडला आहे. सन १८१८ च्या जानेवारींत मंदसोरचा तह होऊन होळकरांनीं तापीकांठचा थाळनेरचा किल्ला इंग्रजांस देऊं केला. किल्लेदार तुळशीराम मामा ह्यानें तो खालीं करून दिला नाहीं. दि. २७ फेब्रुवारीस सर थॉमस हिस्लॉपची फौज किल्ल्यावर आली. बोलणें चालू असतां कांहीं अधिकारी दिंडीदरवाजानें आंत शिरले. कोणी कोणाचें काय समजलें हें नीट न कळतां कट्यारी चालल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर हे जागीं ठार झाले. इव्हन मॅकग्रेगर मरे हाहि त्यांतच होता. तो फार जखमी झाला. त्याबद्दल किल्ल्यांतील सुमारें ३०० माणसें कापलीं गेलीं आणि किल्लेदाराला फांशी दिलें. इंग्रजांतहि त्या वेळीं ह्या कृत्याविषयीं पुष्कळ चर्चा झाली. दरवाजांतील कांहीं जणांच्या हातून घडलेल्या गोष्टीचें प्रायश्चित्त सर्व शिबंदीनें भोगलें. एकाच्या कृत्यासाठीं सर्वांना दंड, हा न्याय ज्या कुळानें ग्लेन फ्रुइननंतर सोसला, त्याच कुळाचे दोन पुरुष थाळनेरच्या दरवाजांत पडावे आणि त्यांच्यासाठीं तोच न्याय परक्या लोकांवर फिरावा, हें पाहून इतिहासाच्या गतीपुढें मनुष्यानें मान खालीं घालावी हेंच खरें.

इव्हन वांचला. सन १८२२ मध्यें त्यानें राजाज्ञेनें मॅकग्रेगर हें आडनांव पुन्हा धारण केलें. त्याच वर्षीं चौथा जॉर्ज राजा एडिनबरोस आला, तेव्हां स्कॉटलंडचीं राजचिन्हें मिरवीत नेतांना त्यांच्या रक्षणाचा मान मॅकग्रेगर कुळास मिळाला. ज्या नगरींत अलास्टरला उंच टांगलें, तेथेंच त्याच्या कुळाच्या हातीं मुकुटाची राखण आली. ह्याच साली ‘क्लॅन ग्रेगर सोसायटी’ ही कुळाची संस्था स्थापन झाली, आणि ती आजहि चालू आहे. पुढें इव्हन वेस्ट इंडीज बेटांत गव्हर्नर झाला आणि सन १८४१ मध्यें बार्बाडोस येथें वारला.

देशोदेशीं

आतां विस्तार पाहूं. नांवाची बंदी असतांनाच माणसें बाहेर पडूं लागलीं होतीं. जेम्स मॅकग्रेगर नांवाचा धर्मोपदेशक उत्तर आयर्लंडांतून आपल्या अनुयायांसह अमेरिकेंत गेला आणि सन १७१९ मध्यें न्यू हॅम्पशायरमध्यें, ज्याला पुढें लंडनडेरी म्हणूं लागले, तें गांव त्यांनीं वसविलें. दक्षिण आफ्रिकेंत केप प्रांतांत मॅकग्रेगर नांवाचें एक गांवच आहे. तेंहि एका धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ.

सर्वच नामधारी नांवाला शोभले असें नाहीं. सन १७८६ मध्यें जन्मलेला ग्रेगर मॅकग्रेगर हा दक्षिण अमेरिकेंत बोलिव्हरच्या बाजूनें लढून सेनापति झाला. आणि मग लंडनला परत येऊन, ‘पोयाइस’ नांवाच्या, अस्तित्वांतच नसलेल्या एका देशाचा आपण राजा आहों असें सांगून त्यानें तेथील जमिनी आणि कर्जरोखे विकले. त्याच्यावर विश्वासून सुमारें अडीचशें माणसें मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलीं, तों तेथें रानावांचून कांहीं नव्हतें. त्यांतील निम्म्याहून अधिक तापानें व हालानें मेलीं. ज्याच्या पूर्वजांची खरी जमीन कागदानें गेली, त्यानें खोटी जमीन कागदानें विकली!

उलटपक्षीं, जेम्स मॅकग्रिगर हा वैद्य पाहा. ८८ व्या पलटणीबरोबर तो मुंबईस आला होता. सन १८०१ मध्यें येथून ईजिप्तवर गेलेल्या फौजेच्या आरोग्याची व्यवस्था त्याच्याकडे होती, आणि त्या अनुभवावर त्यानें ग्रंथ लिहिला. पुढें वेलिंग्टनच्या सैन्याचा तो मुख्य वैद्य झाला. सन १८४० मध्यें आग्र्यास जन्मलेल्या चार्ल्स मॅकग्रेगरनें सन १८७० मध्यें सिमला येथें युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ही लष्करी विद्येची संस्था काढली. ती संस्था आज दिल्लींत आहे, आणि त्याच्या नांवाचें पदक साहसी टेहळणीसाठीं भारतीय सैनिकांना अजून दिलें जातें.

कापलेल्या रूपांचा प्रवास तर याहून मौजेचा. ॲबर्डीनचें ग्रेगरी घराणें आपण मूळचे मॅकग्रेगर अशी परंपरा सांगे. त्यांतील जेम्स ग्रेगरी, सन १६३८ ते १६७५, हा थोर गणिती. त्यानें सन १६६३ मध्यें आरशाच्या दुर्बिणीची रचना मांडली. आणि वर्तुळगणितांतील जी श्रेढी युरोपांत त्याच्या नांवानें चालते, ती केरळांतील संगमग्रामच्या माधवाला त्याच्या सुमारें अडीचशें वर्षें आधीं ठाऊक होती. आज गणिताच्या ग्रंथांतून दोघांचीं नांवें जोडून घेतात. अलेक्झांडर ग्रेग नांवाचा स्कॉट व्यापारी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत नॉर्वेंतील बर्गेन येथें स्थायिक झाला. तेथें अक्षरांची अदलाबदल होऊन नांव ग्रीग झालें, आणि त्याचा पणतू एडवर्ड ग्रीग हा नॉर्वेचा सर्वश्रेष्ठ संगीतकार ठरला. सॅम्युएल ग्रेग हा दुसरा स्कॉट रशियाची राणी कॅथेराइन हिच्या आरमाराचा सेनापति झाला.

शेवटीं एक नांव आम्हां मराठी भाषिकांच्या जिव्हाळ्याचें. भारतीय भाषांची थोरली पाहणी करणारे सर जॉर्ज ग्रिअरसन. त्यांच्या मालेचा सातवा खंड, सन १९०५ चा, मराठीला वाहिलेला आहे. ग्रिअरसन म्हणजेहि ग्रेगरचा पुत्र. तेंहि घराणें मॅकग्रेगरांची शाखा असल्याचें लोक पुष्कळ काळ मानीत. अलीकडे पित्याकडून पुत्राकडे जसेंच्या तसें उतरणारें जें गुणसूत्र आहे, त्याची तपासणी करून कुळांचे संबंध पडताळतां येतात. ह्या तपासणींत ग्रिअरसन घराणें मॅकग्रेगरांच्या मुख्य शाखेहून निराळें निघालें. उलट, परक्या आडनांवांच्या कित्येक लोकांचें रक्त मुख्याच्या घराण्याशीं जुळलें. आणि आज मॅकग्रेगर म्हणविणाऱ्यांपैकीं कित्येकांचें जुळलें नाहीं.

ह्यावरून नांव खोटें ठरलें काय? आम्हांला तसें वाटत नाहीं. आश्रयाला आलेले, दत्तक घेतलेले, जांवई होऊन राहिलेले, हे सारे त्या कुळांत मिसळले आणि बंदीच्या दिवसांत त्यांनींहि तोच धोका पत्करला. ज्यानें नांवासाठीं सोसलें त्याचें तें नांव. रक्त एका बिंदूंतून येतें. कुळ अनेकांच्या निष्ठेनें उभें राहतें. राजाच्या हुकमानें नांव कागदावरून पुसलें गेलें, पण त्याला घरांत शिरून आईच्या तोंडांतला शब्द पुसतां आला नाहीं. आपल्या घरांतील वडील मंडळींपाशीं कुळाच्या अशाच कित्येक गोष्टी असतील. मूळ गांव कोणतें, तें कां सोडलें, आडनांव केव्हां आणि कशावरून पडलें. त्यांवर कोणी बंदी घातलेली नाहीं. तरीहि त्या विचारल्यावांचून आणि लिहून ठेवल्यावांचून एकेका आजीबरोबर नाहींशा होत आहेत. मॅकग्रेगरांनीं मरणाच्या भयांत जें जपलें, तें आपण केवळ आळसानें गमावूं नये, एवढीच वाचकांस आमची विनंति आहे.